चार बटाटे आणि एक पट्टी

अक्कांच्या ॲप्रनच्या डाव्या खिशात सुतळीला बांधलेलं एक चुंबक कायम असायचं. आकाराने वाटाण्याएवढं, पण बिजागरीला चिकटलं तर सोडवताना नख जायचं. या चुंबकाने अक्का सगळ्या जगाची परीक्षा घेत. प्रयोगशाळेत कुणी नवा रुजू झाला की पहिल्याच दिवशी त्याच्याशी गोड गोड बोलत त्याच्या पट्ट्याचं बक्कल, पेनची टोपी, चष्म्याची काडी असं सगळं तपासून व्हायचं आणि मग शांतपणे निकाल लागायचा की बक्कल लोखंडाचं आहे, दुकानदाराने पितळेचं म्हणून गळ्यात मारलंय. एकदा त्यांनी स्टोअरवाल्याच्या टेबलाखाली एक चुंबक लावून त्याच्या किल्ल्यांचा जुडगा तिथे लटकावून ठेवला. बिचारा अर्धा दिवस किल्ल्या शोधत होता. अक्काही त्याच्याबरोबर शोधत होत्या, कपाटामागे वाकून वाकून, मोठ्या कळकळीने.

त्या तिथे फिटर होत्या. पदार्थविज्ञानाची मोठी इमारत, तिच्या तळमजल्यावर कार्यशाळा, आणि कार्यशाळेत लोखंड कातायचा एक लेथ, दोन ड्रिल, एक धातू तापवायची भट्टी आणि अक्का. फिटरच्या कोर्सला त्यांच्या वर्गात बावीस मुलगे आणि त्या एकट्या होत्या. नोकरीच्या पहिल्या दिवशी तेव्हाच्या साहेबांनी त्यांना झाडू कुठे ठेवलाय ते दाखवलं. अक्कांनी आधी सगळी खोली झाडून काढली, मग कानस मागून घेतली आणि संध्याकाळपर्यंत एक पोलादी ठोकळा इतका काटकोनात घासला की साहेबांनी तो आयुष्यभर पेपरवेट म्हणून वापरला. ही गोष्ट अक्का स्वतःच सांगत, त्यामुळे ठोकळा दर वर्षी थोडा जास्तच काटकोनात येत गेला.

माघारी सगळे त्यांना हातोडीअक्का म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं. जे बसत नाही ते ठोकलं की बसतं, असं त्यांचं ठाम मत होतं. खिडक्या, कुलुपं, एकदा तर चहाचं यंत्रही त्यांनी असंच बसवलं होतं. आणि आठवड्यातून एकदा तरी, कुणी विचारो न विचारो, त्या ऐकवत की एकतीस वर्षांत आपल्या हातून एकही प्रयोग बिघडलेला नाही. ऐकणारा मान डोलवायचा, कारण ते खरंच होतं.

आता तळमजल्यावरच्या मोठ्या खोलीतल्या यंत्राबद्दल सांगायला हवं, त्याच्याशिवाय ही गोष्ट पुढे सरकत नाही. पाच मीटर लांब, स्टीलचं, आतून पोकळ, मध्येमध्ये फुगलेलं. अक्कांनी त्याचं नाव अजगर ठेवलं होतं. अजगराच्या तोंडाशी बोटाएवढी जाड धातूची कांडी बसवायची. तिच्यावर लेझरचा झोत मारला की धातूची वाफ होते, वाफेवर थंडगार हेलियमची फुंकर घातली की गारठलेले अणू एकमेकांना बिलगतात. दहा, तेरा, वीस अणूंचे पुंजके होतात. हे पुंजके मग आतल्या निर्वात पोकळीतून सुसाट निघतात, एका केसभर रुंद फटीतून पार होतात आणि एका दांडग्या चुंबकाच्या दोन ध्रुवांमधून जातात. ज्याच्या अंगात चुंबकत्व जास्त, तो वाटेवरून जास्त ढळतो. शेवटी कोण किती ढळला ते मोजायचं, म्हणजे कुणात किती चुंबकत्व आहे ते कळतं. बस, एवढंच. एवढ्यासाठी पाच मीटर स्टील, तीन पंप आणि अक्कांची एकतीस वर्षं.

या अजगरावर चार वर्षांपासून एक पोर डॉक्टरेटचं काम करत होती. जाड भिंगांचा चष्मा, म्हणून चष्मिस. अक्कांनी पहिलं वर्षभर तिला हातोडीला हात लावू दिला नाही, दुसऱ्या वर्षी तिच्या डब्यातलं लोणचं खाल्लं आणि तिसऱ्या वर्षापासून ती त्यांचीच झाली. पुंजक्यांचं शास्त्र अक्का तिच्याकडूनच शिकल्या, बेअरिंगचे छर्रे ग्रीसने एकमेकांना चिकटवून. तेरा छर्रे घ्यायचे. एक मधोमध, बारा त्याच्याभोवती. मधल्याला चारी बाजूंनी बारा शेजारी, त्याला हात हलवायला जागा नाही, त्याचं चुंबकत्व दबून जातं. बाहेरच्यांना शेजारी कमी, त्यामुळे ते मोकळे, त्यांचा जोर जास्त. अक्का स्वतः घरातली मधली सून, त्यामुळे हा भाग त्यांना पुस्तक न उघडता कळला. म्हणजे चुंबकत्व हे नुसतं अणू कोणता यावर नसतं, तो कुठे बसलाय आणि शेजारी किती आहेत यावरही असतं, हे त्या पुढे चहावाल्यालासुद्धा समजावून सांगू लागल्या.

चष्मिसचा प्रश्न याच्या पुढचा होता. कोबाल्टच्या घोळक्यात मँगनीजचे एकदोन अणू घुसवले तर काय होतं? मोठ्या ढेकळात काय होतं ते पुस्तकांत आहे: मँगनीज इतरांकडे पाठ फिरवून बसतं आणि सगळ्यांचं मिळून चुंबकत्व कमी होतं. पण चष्मिसचं म्हणणं असं की इवल्याशा पुंजक्यात बसायची रचनाच वेगळी असते, तिथे मँगनीज रुसत नाही, सगळ्यांबरोबर तोंड करून बसतं आणि उलट स्वतःची भर घालतं. हिवाळ्यात तिने मोजलं आणि तसंच निघालं. आलेखावर मँगनीज वाढत जाईल तशी वर चढत जाणारी एक रेघ. चार वर्षांची कमाई म्हणजे ती रेघ.

तिचे मार्गदर्शक सर सावध माणूस. चांगले होते, पण रस्ता ओलांडताना रिकाम्या रस्त्यावरही दोनदा बघणारे. बाहेरच्या परीक्षक बाई येण्याआधी सगळं पुन्हा एकदा मोजून घे, असं त्यांनी चष्मिसला सांगितलं. तिने मोजलं, आणि रेघ झोपली. रोज मोजलं, तीन आठवडे मोजलं. काही पुंजक्यांची रेघ तर चक्क खाली जायला लागली. शेवटी सर म्हणाले की हे प्रकरण प्रबंधातून काढून टाकू, उरलेल्या भागावर निभावून नेऊ. उरलेला भाग म्हणजे अजगराचं वर्णन. चष्मिसने त्या दिवशी कार्यशाळेत येऊन अक्कांच्या स्टुलावर बसून विचारलं की मग चार वर्षं मी काय केलं, आणि अक्कांनी लेथ सुरू केला. लेथवर तेव्हा काहीही चढवलेलं नव्हतं.

कारण असं होतं की तीन आठवड्यांपूर्वी एक पट्टी तुटली होती.

ती केसभर फट ज्या पातळ पत्र्यात कोरलेली होती, तो पत्रा केसांच्या चापासारख्या वाकवलेल्या एका स्टीलच्या पट्टीने जागेवर धरलेला असायचा. जुनी पट्टी थकून तुटली. नवी करणं म्हणजे अक्कांच्या डाव्या हातचा मळ. पण तिच्या बाबतीत एक नियम होता, आणि तो कार्यशाळेच्या भिंतीवर खुद्द अक्कांच्याच अक्षरात लावलेला होता: वाकवलेलं किंवा ठोकलेलं स्टील भट्टीत लालबुंद तापवून, सावकाश गार केल्याशिवाय अजगराच्या पोटात जाणार नाही. खाली दोन रेघा मारलेल्या.

त्या दिवशी बाराची वेळ होती आणि भट्टीत बटाटे होते.

हो, बटाटे. चार. मंद आचेवर, वेगळ्या स्वच्छ ताटलीत, चंदेरी कागदात गुंडाळलेले. अक्का वर्षानुवर्षं आठवड्यातून एकदा त्या भट्टीत बटाटे भाजत, आणि ते इतके अप्रतिम होत की सावध सरसुद्धा त्या दिवशी डबा न आणता बशी घेऊन येत. पट्टी लालबुंद करायची तर भट्टी चढवायची, आणि भट्टी चढवली तर बटाट्यांचा कोळसा. अर्धे कच्चे बटाटे बाहेर काढणं अक्कांच्या तत्त्वात बसत नव्हतं. एवढ्याशा पट्टीने काय होतंय, असं त्यांनी मनाशी म्हटलं, पट्टी व्हाइसच्या जबड्यात पकडून चार घाव घालून थंडीच वाकवली, धुतली, पुसली आणि अजगरात बसवून आल्या. मग सगळे जेवायला बसले. सरांनी दोन बटाटे खाल्ले, अक्कांनी एक, आणि एक चष्मिसने, वरून मीठ लावून, बोटं चाटत.

पहिला आठवडा अक्कांना काही सुचलंच नाही. दुसऱ्या आठवड्यात सुचलं, आणि तेव्हापासून त्या इतक्या कामाला लागल्या की बघणाऱ्याला कौतुक वाटावं. खिशातलं चुंबक काढून पंपाचे बोल्ट तपासले, अजगराचे पाय तपासले, चष्मिसच्या केसांतले आकडे काढून घेतले, सरांच्या बुटांचे खिळेसुद्धा सोडले नाहीत. विजेच्या खात्याला दोष दिला, हवामानाला दिला, वरच्या मजल्यावरच्या नव्या फ्रिजला दिला. फक्त एका पट्टीपाशी चुंबक गेलं नाही. तिच्यासाठी अजगर उघडावा लागतो, आणि उघडला की पुन्हा निर्वात करायला अख्खा दिवस जातो, असं त्या स्वतःला सांगत. सांगणारीही त्याच आणि मान डोलवणारीही त्याच.

रविवारी दुपारी घरी सासूबाईंनी हा डाव उधळला. सासूबाई ऐंशीच्या, पत्त्यांत लबाडी करायच्या आणि पकडल्या गेल्या की ऐकू येत नसल्याचं सोंग घ्यायच्या. सकाळी त्यांनी बिस्किटांच्या डब्याचं घट्ट झाकण चमच्याने उचकटलं होतं, त्यात चमच्याची मान वाकली. मुलाने, म्हणजे अक्कांच्या नवऱ्याने, तो उंबऱ्यावर ठेवून बत्त्याने ठोकून सरळ केला. तो शाळेत ड्रॉईंगचा मास्तर, त्यामुळे चमचा सरळ नाही तरी देखणा झाला होता. जेवताना अक्का भात नुसता चिवडत होत्या. सासूबाईंनी चाळा म्हणून सुट्टीच्या दिवशी सुनेच्या पर्समध्ये असणारं चुंबक काढलं आणि चमच्यावरून फिरवलं. खोलगट भागापाशी काही नाही, दांडीपाशी काही नाही, पण ठोकलेल्या मानेपाशी ते हलकेच ओढलं जाऊन चिकटलं. हे काय, म्हणून त्यांनी विचारलं.

अक्कांनी हे शंभर जणांना समजावलं असेल. या स्टेनलेस स्टीलमधले अणू अशा रचनेत बसलेले असतात की त्यांचं चुंबकत्व वर येत नाही. ठोकलं, वाकवलं की तिथल्या अणूंच्या जागा सरकतात, नवी रचना होते आणि त्या रचनेत तेच स्टील चुंबकाला ओढलं जातं. लाल होईस्तोवर तापवलं की ते आपापल्या जुन्या जागी परत जातात. बोलता बोलता अक्कांचा आवाज बारीक होत गेला आणि शेवटचं वाक्य तर ताटाकडे बघूनच झालं. सासूबाईंना त्या दिवशी सगळं नीट ऐकू येत होतं. एवढं पाठ आहे तर तोंड पाडून का बसलीयस, असं त्यांनी विचारलं, आणि अक्कांनी पट्टी, भट्टी आणि बटाटे सगळं सांगून टाकलं.

सासूबाई इतक्या हसल्या की कवळी हातात धरावी लागली. हसून झाल्यावर डोळे पुसत त्या म्हणाल्या, "सगळ्या जगाला चुंबक लावत हिंडतेस. एकदा स्वतःच्या कामाला लाव की."

सोमवारी अक्कांनी जाहीर केलं की अजगराला कुठेतरी गळती आहे. गळती शोधणं हे त्यांचंच खातं, त्यामुळे कुणी चकार शब्द काढला नाही. अजगर उघडला गेला. पट्टी निघाली आणि गुपचूप ॲप्रनच्या उजव्या खिशात गेली. तिथे जायच्या आधी डाव्या खिशातलं चुंबक तिच्या वाकलेल्या जागेपाशी गेलं होतं आणि टक् करून चिकटलं होतं. अक्कांनी तो आवाज ऐकला, चुंबक सोडवून पुन्हा लावलं आणि पुन्हा तोच आवाज आला. त्यांनी नवी पट्टी केली, भट्टी चढवली, लालबुंद तापवली, सावकाश गार केली. सर बशी घेऊन डोकावले तेव्हा त्यांना सांगितलं की आज बटाटे नाहीत, माझं पोट बिघडलंय. मंगळवार निर्वात करण्यात गेला. बुधवारी चष्मिसने मोजायला घेतलं आणि रेघ पुन्हा वर चढली, अगदी हिवाळ्यासारखी.

सुटले, असं अक्कांना वाटलं. घरी जाताना त्यांनी सासूबाईंसाठी बिस्किटांचा पुडा घेतला आणि हलक्या झाकणाचा डबाही घेतला.

पण गुरुवारी सकाळी चष्मिस कार्यशाळेत आली ती रडलेल्या डोळ्यांनी. अक्कांना कळेना. रेघ चढली ना, मग? चष्मिस म्हणाली की हिवाळ्यात वर, तीन आठवडे खाली, काल परत वर. यातलं खरं कोणतं? मला आवडतं ते निवडायचं का? सरही तेच म्हणाले होते की मध्ये काय झालं याचं कारण नसेल तर वरची रेघही टाकावी लागेल, परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतील. परीक्षकांसमोरचं तिचं भाषण शुक्रवारी होतं. म्हणजे कारण सापडलं नाही तर चार वर्षं गेली, आणि कारण अक्कांच्या उजव्या खिशात होतं.

त्या दिवशी अक्कांनी एक पत्रा सकाळपासून संध्याकाळपर्यंत ठोकला, ज्याची कुणालाच गरज नव्हती. निवृत्तीला सहा महिने राहिले होते. एकतीस वर्षांत एकही प्रयोग बिघडला नाही, हे वाक्य आणखी सहा महिने म्हणायचं आणि मग निरोपाच्या भाषणात दुसऱ्या कुणीतरी म्हणायचं, असं त्यांनी मनात ठरवून ठेवलेलं होतं. बिघडवलं तेही कशासाठी, तर बटाट्यांसाठी. स्फोट झाला असता, हात भाजला असता तर गोष्ट वेगळी होती. चार वाजता मनाचा हिय्या करून त्या सरांच्या खोलीत गेल्या, दार लावून घेतलं, घसा साफ केला आणि सरांना सांगितलं की तुमच्या चष्म्याचा स्क्रू ढिला झालाय. तो घट्ट करून त्या परत आल्या. आल्यावर स्वतःला एक शेलकी शिवीही दिली.

शुक्रवारी वरच्या मजल्यावरची बैठकीची खोली भरली. परीक्षक बाई बारीक चणीच्या, पांढऱ्या केसांच्या, इतक्या हळू बोलणाऱ्या की सगळ्यांना पुढे वाकून ऐकावं लागत होतं. अक्का शेवटच्या रांगेत, निमित्त काय तर प्रोजेक्टर नीट चालतोय का ते बघायला. चष्मिसने पडद्यावर तिन्ही रेघा लावल्या. एकही लपवली नाही. हे बघून अक्कांना तिचा अभिमान वाटला आणि दुसऱ्याच क्षणी स्वतःची लाज वाटली. परीक्षक बाईंनी मधल्या रेघेकडे पेन्सिल केली आणि मध्ये नेमकं काय बदललं होतं ते विचारलं.

"माहीत नाही," चष्मिस म्हणाली.

सर टेबलाकडे बघत होते. परीक्षक बाईंनी वहीत काहीतरी टिपून घ्यायला सुरुवात केली. अक्का उठल्या. खुर्ची मागे घासली गेल्याचा आवाज झाला आणि सगळ्यांनी वळून बघितलं, म्हणजे आता खाली बसायची सोय राहिली नाही. त्या मधल्या वाटेने पुढे गेल्या, उजव्या खिशातून पट्टी काढली, डाव्यातून सुतळीचं चुंबक काढलं आणि परीक्षक बाईंच्या नाकासमोर धरलं. पट्टीच्या सरळ टोकापाशी चुंबक नुसतं लोंबत राहिलं. वाकलेल्या भागापाशी नेलं आणि टक्.

"मध्ये ही बदलली होती," अक्का म्हणाल्या. "मी बदलली. न तापवता."

मग त्यांनी सगळं सांगितलं. ही पट्टी फटीचा पत्रा धरते. अजगरातलं मोठं चुंबक सुरू केलं की ती त्याच्याकडे ओढली जाते, फट केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढी सरकते, आणि त्यातून जाणारा प्रत्येक पुंजका आहे त्यापेक्षा वेगळा ढळलेला दिसतो. पट्टीत कुणी एक अणू घातला नाही, एक काढला नाही. मी हातोडी मारली तेव्हा आतल्यांच्या जागा सरकल्या, एवढंच झालं. ही मुलगी चार वर्षं तेच सांगतेय की कोण बसलंय इतकंच कोण कुठे बसलंय तेही बघा, आणि मी ते तिच्याकडूनच शिकून तिच्याच यंत्रात विसरले. पुराव्यासाठी त्यांच्याकडे उपायही होता. ही पट्टी पुन्हा बसवा आणि चुंबकाशी ज्याला काही देणंघेणं नाही असा वायू सोडा, आरगॉन सोडा. तोही ढळलेला दिसेल. तो जेवढा ढळेल तेवढं तीन आठवड्यांच्या मापातून वजा करा.

परीक्षक बाईंनी पट्टी हातात घेतली, स्वतः चुंबक लावून बघितलं, दोनदा, तीनदा. लहान पोरासारख्या त्या टक् ऐकत होत्या. मग त्यांनी अगदी हळू विचारलं की इतकं सगळं माहीत असताना पट्टी तापवली का नाही.

अक्कांनी ॲप्रन झटकून सरळ केला.

"भट्टीत बटाटे होते," अक्का म्हणाल्या.

परीक्षक बाईंची पेन्सिल थांबली. "किती?"

"चार."

सरांनी घसा साफ केला. सावध माणूस, पण त्या दिवशी त्यांनी डावीउजवीकडे न बघताच रस्ता ओलांडला. "त्यातले दोन मी खाल्ले," ते म्हणाले. आणि पडद्याशेजारून चष्मिसचा बारीक आवाज आला की एक मीही खाल्ला, मीठ लावून.

परीक्षक बाई हसल्या नाहीत. त्यांनी तिन्ही आकडे वहीत लिहून घेतले आणि मुक्काम दोन दिवसांनी वाढवला. रविवारी, सुट्टी असून, जुनी पट्टी अजगरात गेली, आरगॉन सोडला गेला आणि तो बापुडा वायू, ज्याने जन्मात कधी चुंबकाकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, तोही वाट सोडून सरकला. तेवढं माप वजा केल्यावर झोपलेली रेघ उठली आणि हिवाळ्याच्या रेघेवर जाऊन बसली. चष्मिसने अक्कांना मिठी मारली आणि अक्कांनी तिला ॲप्रनला तेल आहे म्हणून दटावलं, पण सोडवून घेतलं नाही.

महिन्याभराने बांधलेला प्रबंध आला. एक प्रत अक्कांची. त्यांनी चष्मा चढवून आपल्याबद्दलचं पान शोधलं. तिथे लिहिलं होतं की कार्यशाळेतील अपरिहार्य कारणामुळे सदर पट्टी तापवता आली नाही. अक्कांचा पारा चढला. अपरिहार्य? त्यांनी चष्मिसला बोलावून घेतलं, ती कसनुसं हसत म्हणाली की तुमचं नाव खराब व्हायला नको म्हणून. अक्कांनी तिच्याच हातातलं पेन घेतलं, तेवढा शब्द खोडला आणि समासात लिहिलं: भट्टीत बटाटे होते, मीच ठेवले होते. खाली पूर्ण नावानिशी सही ठोकली. ते नाव इमारतीत कुणाला माहीतच नव्हतं. दुपारी प्रत सरांच्या टेबलावरून फिरून आली तेव्हा सहीखाली सरांच्या अक्षरात आणखी एक ओळ होती, आणि तिच्यात दोन हा आकडा अक्षरी लिहिलेला होता.

आता नवा माणूस रुजू झाला की अक्का त्याचं बक्कल तपासतात आणि सांगतात की एकतीस वर्षांत माझ्या हातून एकच प्रयोग बिघडला. मग खिशातून ती पट्टी काढून टक् करून दाखवतात. गोष्ट आता आणखी रंगते. बटाटे मात्र अजून चारच आहेत, ते त्यांनी एकानेही वाढवलेले नाहीत.

भट्टीची किल्ली सरांनी चष्मिसच्या ताब्यात दिली, ती आता डॉक्टरेट मिळवून तिथेच नोकरीला लागली होती. पहिल्याच सोमवारी बाराच्या सुमारास अक्का पिशवीत चार बटाटे घेऊन तिच्या दारात उभ्या राहिल्या आणि जगातलं सगळ्यात गोड हसल्या. चष्मिसने त्यांच्या ॲप्रनच्या डाव्या खिशात हात घातला, चुंबक काढलं आणि अतिशय गंभीर चेहऱ्याने एकेका बटाट्याला लावून बघितलं. चारही तपासून झाल्यावर ती म्हणाली, "धातू नाही. भट्टीत जाणार नाही."

अक्कांनी आर्जवं केली, रुसून बघितलं, पहिल्या वर्षीच्या उपकारांची आठवण करून दिली. किल्ली हलली नाही. शेवटी त्या बटाट्यांची पिशवी घेऊन खाली आल्या, आणि पोर तयार झाली, असं लेथला, ड्रिलला आणि चहावाल्याला दिवसभर सांगत राहिल्या.